शाळा सोडल्याचे कारण : बदली

गेल्या अंकात या सदरात एका ओळीत लिहून गेले होते, की मी एकतीस वर्षं एका कॉन्व्हेंट हायस्कुलात मराठी शिकवलं. त्या एका ओळीवर अकरा पत्रं आली. ऱ्हस्व-दीर्घावर मी वर्षभर घसा कोरडा केला, तेव्हा तीन आली होती! तेव्हा या वेळी व्याकरणाला सुटी. शाळेचं नाव मात्र विचारू नका. खान्देशातलं जंक्शनचं गाव, एवढं पुरे.

प्रश्न : आमच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होताहेत. स्मरणिकेतला ‘शाळेचा इतिहास’ माजी विद्यार्थी म्हणून माझ्या गळ्यात पडला आहे. संस्थापक संतांचं चरित्र, युरोपातला काळ, धर्मभगिनींच्या संघाची स्थापना, अशी सहा पानं झाली. आमच्या शाळेवर मात्र दीड पानापुढे गाडी सरकत नाही. काय करू? (एक माजी विद्यार्थी, पाचोरा)

आधी ती सहा पानं अर्ध्या पानावर आणा. संतांचं चरित्र कुणालाही कुठेही वाचायला मिळतं. तुमच्या शाळेतली पोरं डबा कुठे बसून खायची, हे दुसरं कोण लिहिणार?

मग मुख्याध्यापिकांना रीतसर अर्ज द्या आणि जनरल रजिस्टर बघायला मागा. एका मे महिन्यात आमच्या सिस्टरांनी मला जुन्या रजिस्टरची नक्कल करायला बसवलं होतं. पानं इतकी वाळलेली, की उलटताना कोपरा हातात यायचा. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की इतिहास उडून जायचा. दारात ओलं पोतं टांगून मी लिहीत होते. तिरप्या वळणाचं इंग्रजी अक्षर, तपकिरी पडलेली शाई. रकाने आज दाखल्यावर असतात तेच : नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी माझं लक्ष ‘कारण’ या रकान्यात अडकलं. बदली. खाली पुन्हा बदली. इगतपुरी, खंडवा, बडनेरा, इटारसी, मनमाड. अख्खं वेळापत्रकच! काही नावं तीन-चार वर्षांनी परत दाखल झालेली दिसायची, म्हणजे वडील फिरून आपल्या गावी आले. स्वातंत्र्यानंतरच्या पानांवर त्याच रकान्यात गावांऐवजी देश दिसू लागले : इंग्लंड, ऑस्ट्रेलिया. अँग्लो-इंडियन कुटुंबं निघून चालली होती. एका घरच्या तिन्ही भावंडांची नावं एकाच तारखेला कमी झालेली, ओळीनं, एकाच हाताच्या अक्षरात. मी तिथे लिहायची थांबले आणि चहा सांगितला.

आमची शाळा का निघाली याचं उत्तर मला त्या रकान्यात मिळालं, कुठल्याही चरित्रात नव्हे. भुसावळहून रेल्वेचा एक फाटा नागपूरला १८६७ मध्ये पोचला. दुसरा जबलपूरकडे गेला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेले. त्या रुळांवरून ड्रायव्हर, गार्ड, फिटर आले. त्यांत गोव्याचे होते, तामिळ होते, अँग्लो-इंडियन होते, आणि बरेच कॅथलिक होते. माणसांमागे चर्च आलं, चर्चमागे शाळा. केळीवाल्यांची, कापूसवाल्यांची, वकील-डॉक्टरांची मुलं त्यात नंतर आली. आज वर्गात पन्नासात दोन कॅथलिक असले तर पुष्कळ. हा बदल कधी झाला ते तुमच्याही रजिस्टरात वर्षवार सापडेल. मोजा आणि लिहा. नावं आणि जाती मात्र छापू नका. कुणाच्या आजोबांची जात स्मरणिकेत आली की समारंभाच्या जेवणावळीत भांडण ठरलेलं. आणि निम्मी शाळा १ जूनला जन्मलेली दिसली तर दचकू नका. ती शाळेत घालणाऱ्या बाबांनी आणि लिहून घेणाऱ्या गुरुजींनी मिळून ठरवलेली तारीख आहे.

रजिस्टराशिवाय आणखी काय बघाल? शिक्षणखात्याच्या तपासणीचं शेरेबुक बघा. त्यात साहेबानं मारलेले टोमणे असतात, फार वाचनीय. सिस्टर लोकांच्या घरी रोजनिशी ठेवायची पद्धत असते. त्यात कोण आलं, कोण गेलं, विहीर कधी आटली, हे दोन-दोन ओळींत लिहिलेलं सापडतं. ती तुमच्या हातात देणार नाहीत, पण एखाद्या वयस्क सिस्टर शेजारी बसून वाचून दाखवतील. विचारून बघा. चर्चचा जुना पत्रव्यवहार शोधताना लक्षात ठेवा, की नाशिकचा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा निघाला आणि खान्देश त्यात आला. त्याआधीची पत्रं पुण्याच्या बिशपांच्या नावे असणार. कागदावर ‘पूर्व खान्देश’ दिसलं तर तो आपला जळगाव जिल्हा. खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे १९०६ मध्ये झाले.

फोटोंवर तारीख नसेल तर कपड्यांकडे बघा. सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत झग्यात असतील तर फोटो बहुधा १९६५ च्या आधीचा. व्हॅटिकनची मोठी धर्मसभा १९६२ ते ६५ भरली. तिच्यानंतर पुष्कळ संघांनी पोशाख साधा केला, कुणी साडी घेतली. हा काही पंचनाम्यातला पुरावा नव्हे, पण दशक हाती लागतं.

आणि परंपरा लिहिताना फक्त संतांचा सण आणि नाताळ लिहून थांबू नका. आमच्याकडे एका वर्षी नव्या मुख्याध्यापिका दक्षिणेतून आल्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या सोमवारी वर्गावर्गातून फिरल्या तर शाळा रिकामी. माझ्या वर्गात नऊ मुलं. शिपाईमामा धुळ्याकडचे. ते दारातून म्हणाले, “बाई, आज कानबाई शे.” कानबाई ही खान्देशची देवी, ती रविवारी बसते, सोमवारी नदीवर जाते, घरोघर रोटांचा नैवेद्य असतो, हे सिस्टरांना मी मधल्या सुटीत समजावलं. त्या वर्षी त्यांनी गैरहजेरीच्या चिठ्ठ्या मागवल्या. चिठ्ठ्या आल्या साडेतीनशे. पुढल्या वर्षीपासून तो सोमवार मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुटी म्हणून जूनमध्येच जाहीर होऊ लागला. त्या बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या, सुटी राहिली. आमच्या शाळेची अस्सल परंपरा कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन.

प्रश्न : आमच्या शाळेचं नाव सेंट अलॉयशियस. आम्ही मित्र ते कधी सरळ उच्चारू शकलो नाही. हे होते तरी कोण? (शहादा)

इटलीतल्या एका सरदार घराण्याचा थोरला मुलगा, जन्म १५६८. वतन धाकट्या भावाच्या नावे करून हा जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेला. रोममध्ये साथ पसरली तेव्हा रोग्यांची सेवा करायला लागला आणि त्यातच १५९१ मध्ये, तेविसाव्या वर्षी गेला. रोमने, म्हणजे पोपनी, त्याला विद्यार्थ्यांचा पालक संत ठरवलं, म्हणून हे नाव शाळांना मिळतं. माझ्या आजीने प्लेगात गाव सोडून शेतात झोपड्या टाकल्याचं पाहिलं होतं. मी तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग चांगला होता.”

त्याचा सण २१ जून. शाळा उघडून जेमतेम आठवडा, निम्म्यांची पुस्तकं आलेली नसतात, आणि त्यात सण. २०१५ पासून तोच जागतिक योगदिनही आहे. म्हणजे सकाळी सूर्यनमस्कार, नंतर मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), मग लाडू. मुलांची काही तक्रार नसते.

प्रश्न : मुलीला यंदा कॉन्व्हेंटात घातलं. ती घरी येऊन इंग्रजी प्रार्थना म्हणते, क्रूसाची खूण करते. सासूबाई चिडतात. हे सक्तीचं असतं का? खरं सांगा. (एक आई, सावदा)

खरं सांगते. सक्ती करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय लादता येत नाही. बहुतेक शाळांत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो, आणि त्या वेळी बाकीच्यांना ‘मॉरल सायन्स’. म्हणजे खोटं बोलू नका, रांग मोडू नका, आजीला पाणी द्या. तुम्हाला सकाळची प्रार्थनाही नको असेल तर मुख्याध्यापिकांना शांतपणे लेखी कळवा. मुलीच्या कानात मात्र काही भरू नका.

आता माझ्या घरचं सांगते. माझी मुलगी याच शाळेत होती. बालवर्गात असताना तिने देवघरापुढे कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी खूण केली. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, डास मारतेस?” तिने कशाबद्दल ते सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मग मारुतीलाही कर, तो का उपाशी?” पुढे काही वर्षं आमच्या मारुतीला क्रूसाची खूण होत होती. मुलगी आज पुण्यात असते आणि चतुर्थी माझ्यापेक्षा कडक करते.

वारं उलट्या दिशेनेही वाहतं, हे लोक विसरतात. जुन्या सिस्टर फळ्यावर कोपऱ्यात ‘जे. एम. जे.’ लिहायच्या. येशू, मेरी, जोसेफ. आमची मुलं वहीच्या डोक्यावर ‘श्री’ लिहायची. एका सिस्टरांनी एकदा मला विचारलं, की हे प्रत्येक पानावर काय असतं? मी म्हटलं, तुमचं जे. एम. जे. त्यांना ते लगेच पटलं.

शाळेच्या आवारात लूर्दच्या मातेची दगडी गुहा होती, १८५८ मध्ये फ्रान्सच्या लूर्द गावी एका मुलीला मेरीचं दर्शन झालं म्हणतात त्या गुहेची छोटी प्रतिकृती. बहुतेक कॉन्व्हेंटांत असते. मार्चमध्ये दहावीच्या पहिल्या पेपराला तिथे मेणबत्त्या कमी आणि नारळ जास्त! कुणी हळदकुंकू वाहिलेलं, कुणी चक्क हॉलतिकीट पायाशी टेकवून उचललेलं. एक पालक तर फोडलेल्या नारळाचं पाणी मूर्तीवर घालून गेले. सिस्टर रागावतील म्हणून आम्ही शिक्षक धास्तावलो. त्या खाली आल्या, पाहिलं, माळ्याला म्हणाल्या, “पाणी पुसून घे, मुंग्या येतील.” नारळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. तो आठवडाभर मुलींना इडली-चटणी होती.

प्रश्न : मुलाला शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड झाला. इंग्रजी शाळेत हे चालायचंच, असं सगळे म्हणतात. तुम्ही तर मराठीच्या बाई! (एक वडील, शिरपूर)

मी मराठीची बाई असूनही आमच्याकडे हे चालत होतं, आणि मला त्याची अजून लाज वाटते. एक लाकडी ठोकळा होता, काडेपेटीच्या तिप्पट. ज्याच्या तोंडून मराठी निघेल त्याच्या हातात तो द्यायचा. त्याने दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडायचं आणि ठोकळा त्याच्याकडे सरकवायचा. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला आठ आणे दंड. मुलं त्यातून इंग्रजी शिकली नाहीत, पाळत ठेवायला शिकली. झाडामागे उभं राहून ऐकायची.

एकदा सातवीतला एक मुलगा पायऱ्यांवरून पडला. कोपर फुटलं, रक्त आलं. “आई गं” म्हणून ओरडला. दुसऱ्याने खिशातून ठोकळा काढून त्याच्यापुढे धरला. धरणारा वाईट पोरगा नव्हता, त्याच्याकडे सकाळपासून तो पडून होता आणि सुटायला दहा मिनिटं राहिली होती. मी ठोकळा घेतला आणि कार्यालयात जाऊन टेबलावर ठेवला. मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत. ठोकळा खणात गेला. पुढल्या जूनमध्ये परत बाहेर आला! तेव्हा मी नोकरीत नवी होते, गप्प बसले. पुढे कधीतरी तो आपोआप हरवला. कुणी हरवला ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

तुम्ही गप्प बसू नका. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय लेखी द्या. सोबत दोन मुद्दे घेऊन जा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे; जो विषय शिकवायचा तोच बोलल्याबद्दल दंड कसा? दुसरा मुद्दा त्यांच्याच घरातला. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याला मराठी बोलल्याबद्दल कुणी दंड केला नाही. पुढे रोमनेही लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत मिस्सा करू दिली, आज चर्चमध्ये ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ मराठीत म्हणतात. देवाशी मराठीत बोललेलं चालतं, आणि मैदानावर “पास दे ना रे” म्हटलेलं चालत नाही?

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत रेड, ब्लू, ग्रीन, यलो अशी हाऊस आहेत. ही पद्धत कुणी काढली? मी ब्लू. (अमळनेर)

रंगांची हाऊस इंग्लंडच्या निवासी शाळांतून आली. तिथे मुलं खरोखर वेगवेगळ्या घरांत राहायची. आपल्याकडे घर गेलं, रंग उरला. पण वर्गाचे तट पाडून चढाओढ लावायची युक्ती जेझुइटांकडे त्याहून जुनी आहे. शाळा कशा चालवायच्या याची त्यांची नियमावली १५९९ ची. त्यांच्या शाळांत वर्गाचे दोन भाग करायचे, एक रोम, दुसरा कार्थेज. ही जुनी वैरी शहरं. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, चुकलं की गुण गेला. काही मुलांवर एक मुलगा नेमायचा, त्याने बाकीच्यांचं पाठांतर ऐकून घ्यायचं. तुझा मॉनिटर त्याचाच पणतू. तो फार मिरवत असेल तर त्याला सांग, की त्याचं काम पाठांतर ऐकायचं आहे, नावं लिहायचं नाही.

ब्लू हाऊस मार्चपास्टमध्ये नेहमी मागे का असतं, ते मात्र मलाही एकतीस वर्षांत कळलं नाही.

प्रश्न : कॉन्व्हेंटात आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागा का नाहीत? आम्ही अर्ज भरायला गेलो तर यादीत शाळाच नव्हती. (चाळीसगाव)

अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कायद्यातून वगळलं आहे. त्यांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क कलम ३० देतं, त्याच्या आधाराने. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढे ठेवावा असं म्हटलं आहे. शाळांनी स्वतःहून गरीब मुलांच्या काही जागा ठेवाव्यात असं माझं मत आहे, काही ठेवतातही. फीमाफीचा अर्ज वेगळा असतो. खिडकीवर विचारू नका, थेट मुख्याध्यापिकांना भेटा.

प्रश्न : सिस्टर लोकांना पगार असतो का? (नंदुरबार)

अनुदानित शाळेत असतो, आमच्याइतकाच. पण त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, त्यामुळे तो संघाकडे जातो. म्हणून त्यावर आयकर कापू नये, असा वाद होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कापायचाच, असं सांगितलं. आमच्या मुख्याध्यापिकांची पगाराची स्लिप माझ्याहून मोठी होती, आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

प्रश्न : शाळेत आता विजेची घंटा आली. जुनी घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. समिती म्हणते भंगारात द्या. मन होत नाही. (भुसावळ)

देऊ नका. आमचाही रुळाचाच होता, कडुनिंबाला टांगलेला. शिपाईमामा जाड बोल्टने वाजवायचे : प्रार्थनेला सलग, तासाला एक, मधल्या सुटीला दोन, सुटताना इतकी घाईघाईने, की जणू त्यांनाच घरी जायचं आहे. एकाच जागी ठोके खाऊन त्याला मधोमध खळगा पडलाय, माझा अंगठा बसतो एवढा. तुमच्या तुकड्यावर कारखान्याचं नाव आणि सालाचे उठावदार अंक असतील, रुळांवर असतात. तारेच्या ब्रशने घासून बघा, आवाज कुठून आला ते कळेल. पुन्हा टांगाल तेव्हा साखळीने टांगा, तारेने नको. तार घासून घासून झिजते. आमची एका पावसाळ्यात तुटली आणि तुकडा मामांच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. त्या दिवशी तिसरा तास अर्धा तास जास्त चालला, कारण तो संपल्याचं कुणाला कळलंच नाही.